टोपी खुंटीवरच

कॉलेजच्या खेळातल्या कोचसाठी कोणी एवढं वेडं होतं का, असं लोक विचारतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात राहायला येईपर्यंत मलाही ते खरं वाटत नव्हतं.

आमच्या शेजारच्या आजोबांच्या दाराशी खुंटीवर काळ्या-पांढऱ्या चौकटीची टोपी असते, अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच बेअर ब्रायंट घालायचे तशी. घरात ती डोक्यावर कधीच नाही. का, तर छताखाली टोपी घालू नये ही ब्रायंटना आईची शिकवण. बंदिस्त स्टेडियममध्ये ते बोडक्यानेच उभे राहायचे. आजोबा हे असं सांगतात, जणू आई त्यांचीच!

ब्रायंट तिथे कोच होते १९५८ ते १९८२, सहा राष्ट्रीय विजेतेपदं. शेवटचा सामना २९ डिसेंबरला, आणि महिन्याच्या आत, २६ जानेवारी १९८३ला ब्रायंट गेले. टस्कालूसाहून बर्मिंगहॅमला अंत्ययात्रा निघाली तेव्हा हायवेच्या कडेला, पुलांवर माणसंच माणसं. आजोबाही त्यात.

१९७१पर्यंत त्या संघातून एकही कृष्णवर्णीय खेळाडू सामन्यात उतरला नव्हता, हे मी एकदा काढलं. आजोबा जरा गप्प झाले. पुढे निक सेबन या कोचनीही तिथे तेवढीच, सहा विजेतेपदं मिळवली म्हटलं, तर "हो, तेही बरे होते" म्हणाले आणि टोपीवरची धूळ झटकू लागले.