तलंगांनी (पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या कोंबड्यांनी) अंडी नीट दिली नाहीत की लगेच बल्ब आणि लेयर फीड? मला नाही पटत

अंगणातला_कोंबडा (संगमेश्वरकडे):
जूनमध्ये एक दिवसाची 10 पिल्लं आणली होती. दोन मुंगसानं नेली, दोन नर निघाले (त्यांचं दिवाळीनंतर काय झालं ते विचारू नका), राहिल्या सहा तलंगा. नोव्हेंबर संपता संपता दोघी अंड्यावर आल्या आणि तेव्हापासून नुसता गोंधळ आहे, दोन दिवस अंडं मग तीन दिवस शुकशुकाट, मग अचानक दोन बलकांचं एवढं मोठं, आणि परवा तर कवचच नाही, नुसत्या पापुद्र्यात, हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं लिबलिबीत. बाकीच्या चौघी अजून ढिम्म.

ज्याला विचारावं तो सांगतो उजेड वाढवायला बल्ब लाव, लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आण, टॉनिक पाज. माझं मत असं की पोरगी नुकती वयात आलीय, तिला बसू दे ना जरा. आमच्या आजीकडे पंधरावीस कोंबड्या असायच्या, कणी कोंडा टाकायची, संध्याकाळी डालग्याखाली झाकायची, बास. कोण किती अंडी देते याची वही कधी ठेवली नव्हती तिने.

सातारी_खुराडं:
वही नव्हती म्हणूनच तुम्हाला आठवतंय की सगळं छान होतं 😄 राव, आजीच्या कोंबड्या गावठी, वर्षाला 60-70 अंडी, त्यात मधे मधे खुडूक बसणार. तुम्ही आणलीत एक दिवसाची पिल्लं, म्हणजे हॅचरीचा माल. कावेरी नाहीतर वनराज अशी सुधारित जात असणार. वनराज परसात फिरून पण शंभर-एकशेदहा देते. तिला आजीच्या कोंबडीचा खुराक घालून तिच्याकडनं दीडपट अंडी मागायची, हा कुठला न्याय?

अंगणातला_कोंबडा:
विकणारा गावरान म्हणाला होता.

सातारी_खुराडं:
सगळेच म्हणतात.

गंजीखालची_काकू (राजापूर):
अरे बाबा आधी गंजीत बघ. मोकळ्या सोडतोस ना? तलंग पहिल्यांदा घालते ती खुराड्यात घालेलच असं नाही, माझ्या एकीने लाकडांच्या मोळीमागे अकरा घालून ठेवली होती, आम्ही तिला आळशी म्हणत होतो. दोन दिवस दहा-अकरा वाजेपर्यंत कोंडून ठेव, मग कळेल.

लेयर_शेडवरची (नगर):
काकूंचं बरोबर, आधी ते करा. मी लेयर शेडवर सहा वर्षं काम केलंय म्हणून थोडं लांबण लावते, माफी. एक अंडं तयार व्हायला 25-26 तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसते कवच चढायला. म्हणजे आज सकाळी 8 ला घातलं तर उद्या 9-10 ला, परवा आणखी उशिरा, असं सरकत सरकत दुपार होते आणि मग एक दिवस सुट्टी, कारण नवीन बलक सुटण्याचा इशारा शरीराला रात्रीच मिळतो. हे मोठ्या कोंबडीचं पण होतं. तलंगांत हे घड्याळ अजून जुळलेलं नसतं, म्हणून कधी दोन बलक एकदम सुटतात, कधी कवच चढायच्या आधीच अंडं बाहेर. पहिल्या महिना-दीड महिन्यात असं अधूनमधून झालं तर घाबरायचं नाही. इथपर्यंत दादांचं बरोबर.

पण "बसू दे जरा" म्हणून नुसती कणी टाकत बसलात तर ते चूक. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. कणीत, मक्यात ते नावालाच. मग कोंबडी ते स्वतःच्या हाडातनं काढते. आजीला ते दिसलं नसेल कारण गावठी कोंबडी चार दिवस घालून थांबते, तेवढ्यात भरून निघतं.

टेरेसवरच्या_चौघी (पुणे):
+1. आणि बल्बला एवढा विरोध का ते कळलं नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा, कोंबडीला पूर्ण अंड्यावर राहायला 14 तरी लागतात. मी 9 वॅटचा एलईडी पहाटे 4 ला टायमरवर चालू करते. संध्याकाळी नाही, संध्याकाळी एकदम विझला की त्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत, धडपडतात. चारपैकी तिघी रोज देतात.

अंगणातला_कोंबडा:
ताई, तुमचं हेच मला खटकतं. कोंबडीच्या पोटात अंडी मोजून दिलेली असतात, आज बल्ब लावून उपसलीत की उद्या लवकर संपणार.

लेयर_शेडवरची (नगर):
नाही हो, हे सगळीकडे ऐकू येतं. जन्मताच हजारोंनी बीजं असतात, कुठलीच कोंबडी ती संपवत नाही. वयाने कमी होतं, साठा संपून नाही. बल्बचा खरा तोटा वेगळा आहे, अंग भरायच्या आधी उजेड वाढवला तर बारक्या तलंगेला मोठं अंडं येतं आणि आतली अंडनलिका बाहेर येऊ शकते, मग बाकीच्या टोचून टोचून मारतात. शेडवर पाहिलंय, सांगवत नाही. त्यामुळे ज्या चौघी अजून ढिम्म आहेत त्यांचं वजन बघितल्याशिवाय बल्ब नको.

सातारी_खुराडं:
वजन कशाला, तुरा बघा. लालभडक झाला का? पाठीवर हात ठेवल्यावर दबून बसते का? मागची दोन हाडं चाचपा, मधे एकच बोट मावत असेल तर अजून वेळ आहे, दोन-तीन मावली तर आली समजा.

अंगणातला_कोंबडा:
चाचपलं. दोघींना दोन बोटं. दोघी अजून कोऱ्या, एकच बोट. आणि काकू, गंजीत नाही पण पडवीत जुन्या टोपलीत तीन सापडली 🙈

गंजीखालची_काकू (राजापूर):
बघ!! आणि ती आळशी.

अंगणातला_कोंबडा:
बरं, कॅल्शियमसाठी शिंपलं देतो. कोकणात तिसऱ्यांच्या शिंपल्यांना काय तोटा, भाजून कुटून वेगळ्या वाटीत ठेवतो. लेयर फीड संध्याकाळी मूठभर. बल्ब नाही म्हणजे नाही.

लेयर_शेडवरची (नगर):
वाटी वेगळी हे उत्तम, जिला हवं ती खाईल. लेयर फीडमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, कोऱ्या दोघींना ते आताच नको, मूत्रपिंडावर भार येतो. त्यांना ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं खाद्य) नाहीतर दाणाच बरा. आणि महिना उलटून पण पापुद्र्याचीच येत राहिली, सोबत शिंका, हिरवट पातळ हगवण असं काही दिसलं तर शिंपल्यावर विसंबू नका, डॉक्टरला दाखवा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलीय ना?

अंगणातला_कोंबडा:
पिल्लं असताना डोळ्यात थेंब टाकलेले, पुढची राहिली. 😬

टेरेसवरच्या_चौघी (पुणे):
ती आधी करा, मग आपण भांडू. आणि एक आत्ताच सांगून ठेवते, संक्रांतीनंतर अंडी वाढली तर "बघा, शिंपल्यांनी जमलं" म्हणून इथे येऊ नका. तोवर दिवस मोठा व्हायला लागलेला असेल. तुमचा पण बल्बच आहे, फक्त बिल येत नाही.