आर्किटेक्चरचं कॉलेज तुम्ही कसं निवडलंत?

माळ्यावरची
काल माळा आवरताना शीटची काळी नळी सापडली. आत पहिल्या सेमिस्टरची ए-वन साइजची ड्रॉइंग शीट. रेषा काळ्याभोर, कडा झुरळांनी खाल्लेल्या. योगायोग असा की भाचीचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरणं चालू आहे, रोज रात्री फोन : "मावशी, हे वर टाकू की ते?"
आता तिला काय सांगू? १९९८ साली माझं ठरलं ते रेल्वेच्या टाइमटेबलावर. डोंबिवलीहून फास्ट, व्हीटीला उतरलं की जेजेचं आर्किटेक्चर कॉलेज चालत. शिवाय सरकारी फी. बाबा म्हणाले, झालं मग! किपलिंगचा जन्म त्याच आवारातला, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तुमचं कसं ठरलं, लिहा. भाचीला लिंक देणारे.

कटिंग_चाय
ती नळी!!! लोकलमध्ये एका आजोबांनी विचारलेलं, "बासरी का गं?" एवढी मोठी बासरी 😂

विदर्भातला
मी नाही ठरवलं, रँकनं ठरवलं. जेईईचा पेपर दोन, म्हणजे आर्किटेक्चरचा, मग व्हीएनआयटी. नागपूरचाच, तरी हॉस्टेल घेतलं, कारण सबमिशनच्या आधी घरी झोपच येते. एक फायदा झाला बरं, पश्चिमेच्या भिंतीला सावली का पाहिजे हे मे महिन्यात कोणाला शिकवावं लागत नाही.

पुन्हा_एकदा
नाव लिहीत नाही, कॉलेज चालू आहे अजून. आम्ही बघायला गेलो रविवारी. शांत, चकाचक, वर्कशॉपमध्ये नवी लेथ. आई म्हणाली छान आहे हो. पाच वर्षांत त्या वर्कशॉपचं कुलूप मी दोनदा उघडं पाहिलं. मॉडेलं हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये, सनबोर्ड आणि फेविक्विक, बोटांची कातडी गेली. डिझाइनचे सर व्हिजिटिंग, यायचे ते ज्यूरीलाच, म्हणजे काम तपासायच्या दिवशी. भाचीला सांग, सबमिशनच्या आदल्या रात्री जा आणि गेटपाशी चहा पिणाऱ्या पोरांना विचार. सगळं सांगतात. झोप नसली की माणूस खोटं बोलत नाही.

माळ्यावरची
@पुन्हा_एकदा अगदी! पण वॉचमन सोडेल का रात्री?

पुन्हा_एकदा
चहावाला गेटच्या बाहेरच असतो ताई.

ठाण्याची_आई
मुलगा बारावीत आहे. ड्रॉइंगच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड. तरी नाटाचा (आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेचा) क्लास लावावा का? गणित नाही आवडत त्याला, चालेल ना?

कटिंग_चाय
काकू, गणित लागतंच. आवडलं नाही तरी घ्यावं लागतं, भेंडीसारखं. आणि कॉलेजला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे का ते आधी बघा. १९७२ च्या कायद्यानं नोंदणीशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही. मान्यता नसेल तर पाच वर्षं पाण्यात. क्लासचं नंतर.

ठाण्याची_आई
भेंडी पण नाही खात तो 🙄

विटांचं_वेड
अहमदाबाद, सेप्ट. बारावीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते, तो सहज दाखवायला घेऊन गेला. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी १९६२ मध्ये सुरू केलेली शाळा, इमारतही त्यांचीच. विटा, काँक्रीट, उत्तरेचा उजेड, येता-जाता कुणाचंही टेबल दिसतं. सीनियरचं बघून निम्मं शिकले. फी ऐकून बाबा गप्प झाले, मग कर्ज काढलं. मला ते अजून बोचतं. त्यात पाच वर्षं गोड डाळ. आई डब्यातून गोडा मसाला पाठवायची, रूममेट गुजरातीण, तीच संपवायची सगळा.

आल्तिनोकर
गोवा कॉलेज. डोंगरावर आहे, पावसात शीट कोरडी पोचवली की अर्धी परीक्षा पास. मागे बाइकवर बसून प्लास्टिकची पिशवी धरायची. बाकी नंतर लिहितो, मासेवाली आली.

सोडून_दिलं
दोन सेमिस्टर करून सोडलं, बी.कॉम. केलं. कॉलेज चांगलं होतं, मीच चुकीचा होतो. घरचे वर्षभर बोलले नाहीत. आता घराचा प्लॅन पाहताना बायकोला शहाणपणा शिकवतो तेवढंच.

विदर्भातला
@सोडून_दिलं तेवढ्यासाठी आम्हाला पाच वर्षं लागली भाऊ.

माळ्यावरची
भाची वाचतेय सगळं. तिचा एकच प्रश्न : "मावशी, ड्राफ्टिंग टेबल विकत घ्यावं लागतं का?"

कटिंग_चाय
माझं पडलंय, पॅरलल बारसकट (आडव्या रेषा मारायची सरकती पट्टी). सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. पुण्यात येऊन न्या, फुकट.

ठाण्याची_आई
मी ठाण्याहून येते! पहिला नंबर माझा.

माळ्यावरची
अहो काकू, तुमचा मुलगा अजून बारावीत आहे 😄