सिस्टर, तुम्ही स्वतः घेता का ही लस?

(सोसायटी ग्रुप, राजारामपुरी, कोल्हापूर. मे महिना.)

सेक्रेटरी, क-२०१: सर्वांना नमस्कार. पावसाळा तोंडावर आलाय. त्याआधी खालच्या हॉलमध्ये फ्लूच्या लशीचा कॅम्प घ्यायचा विचार आहे, रविवारी सकाळी. अ-२०२ चे डॉक्टर स्वतः थांबणार आहेत. बाहेर एका डोसला दीड-दोन हजार जातात, एकत्र मागवले तर थोडं कमी पडेल. इच्छुकांनी नाव आणि वय कळवावे.

काकू, क-१०२: शुभ सकाळ 🙏 आमच्याकडं तुळस, आलं, गवती चहाचा काढा असतो. इतकी वर्षं त्याच्यावरच भागलंय.

नाना, अ-४०३: नाव देतो, पण आधी एक विचारायचं आहे. ब-१०४ च्या सिस्टर आयसीयूत आहेत. परवा लिफ्टमध्ये त्याच म्हणाल्या की आमच्यातल्या बऱ्याच जणी ही लस घेत नाहीत. ज्यांच्या हातात सुई, त्याच घेत नसतील तर आम्ही दंड का पुढं करायचा?

अण्णा, अ-१०१: पॉइंट हाय नानांचा. खानावळीचा मालक सोताच्या खानावळीत जेवत नसंल तर आपण पाटावर कशाला बसायचं?

सिस्टर, ब-१०४: नाना, लिफ्टमधलं थेट ग्रुपवर आणलंत की. असू दे. नाईट करून आत्ता आलेय, झोपून उठले की लिहिते.

डॉक्टर, अ-२०२: तोवर थोडं मी सांगतो. सिस्टर म्हणाल्या ते खरं आहे, आणि फक्त कोल्हापुरात नाही, जगभर तसंच आहे. फ्लूच्या लशीसाठी आरोग्य कर्मचारी हा प्राधान्याचा गट आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपलं केंद्रीय आरोग्य मंत्रालयही सांगतं. महाराष्ट्रात २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर गरोदर बायका, बीपी-शुगरवाले आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी दवाखान्यात ही लस मोफत आहे, पण ऐच्छिक. ऐच्छिक म्हटलं की काय होतं ते आपल्याला मेंटेनन्स वेळेत भरण्यावरून माहीत आहेच.

दादा, ब-३०१: 😂 सेक्रेटरी साहेब, ऐकताय ना.

नाना, अ-४०३: डॉक्टर, मी इतिहास शिकवला आहे म्हणून सांगतो. मुंबईत प्लेग पसरला होता तेव्हा हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग लोकांपुढं गेले. मी एवढंच विचारतोय की देणाऱ्यानं आधी घ्यावी. यात गैर काय?

डॉक्टर, अ-२०२: गैर काहीच नाही.

अण्णा, अ-१०१: पण डॉक्टर, आमच्या मेव्हण्यानं घेतली नि चौथ्या दिवशी आडवा. लशीनंच फ्लू हुतोय असं म्हणत्यात.

डॉक्टर, अ-२०२: अण्णा, आपण मागवतोय ती फ्लूच्या तीन प्रकारांवरची सुईची लस आहे, तिच्यात जिवंत विषाणू नसतो. तिच्यानं फ्लू होऊच शकत नाही. निम्म्या लोकांना खरी लस आणि निम्म्यांना नुसतं पाणी टोचून, कुणाला काय दिलं ते न सांगता परदेशात तपासून झालंय. दंड दुखण्याची तक्रार लसवाल्यांत जास्त निघाली. ताप, अंगदुखी, थकवा दोन्हीकडं जवळपास सारखाच. शिवाय लस अंगात लागू व्हायला दोनेक आठवडे लागतात. मेव्हण्यांना चौथ्या दिवशी जे झालं ते आधीच अंगात शिरलेलं असणार, नाहीतर दुसरी कुठली तरी सर्दी. पण गंमत अशी की हाच प्रश्न मला बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीही विचारतात आणि एकदा एका सर्जननंही विचारला होता.

सिस्टर, ब-१०४: उठले. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आधी नानांचं उत्तर. हो, मी घेते, दरवर्षी. पण ज्या घेत नाहीत त्यांची बाजूही ऐका, कारण ग्रुपवर आता असं वाटायला लागलंय की त्यांना काहीतरी आतली गोष्ट माहीत आहे आणि त्या लपवताहेत.

तसं काही नाही. याच मुलींनी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस घेतलेत, कुणाला पटवावं लागलं नाही. कारण पेशंटला टोचलेली सुई स्वतःच्या बोटात गेली की पुढचे महिने कसे जातात ते वॉर्डात सगळ्यांनी पाहिलंय. फ्लूची तेवढी भीतीच नाही. "एवढ्या पेशंटांत वावरून आपल्याला काय होत नाही" हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता उत्तर द्यायचंही सोडलं.

आणि घ्यायची म्हटली तरी कधी? मागच्या खेपेला नोटीस लागली, सकाळी अकरा ते एक, तळमजल्यावर ओपीडीशेजारी. त्या वेळेला आयसीयूत राउंड असतो. एक व्हेंटिलेटरवर, दुसऱ्याचं सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढायचा, तिसऱ्याचे नातेवाईक दारात. कोण सोडेल खाली? नाईटवाली तर आठलाच घरी गेलेली. ती काय फक्त टोचून घ्यायला केएमटीच्या बसनं परत येणार? नंतर एकीला सांगितलं लस संपली, दुसरीला सांगितलं उरलेली परत पाठवली. दोन्ही कसं खरं ते देव जाणे.

टोचल्यावर कणकण आली तर रजा आपल्याच खात्यातली. कोविडची लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली तेव्हा पहिला मान आमचा. फुलं दिली, फोटो काढले. रात्री ताप भरला तरी सकाळी ड्युटी चुकली नाही. ती बोच अजून आहे आणि ती फ्लूच्या लशीवर निघते, हे कुठल्या फॉर्मवर लिहायला जागा नसते.

काकू, क-१०२: बाई गं. एवढं माहीत नव्हतं.

सिस्टर, ब-१०४: अजून एक राहिलं. मावशी, वॉर्डबॉय, सफाईवाले हे कंत्राटावर. लशीच्या यादीत त्यांची नावंच नसतात. पेशंटला कुशीवर वळवणारी, तोंड पुसणारी, बेडपॅन देणारी मावशी, आमच्यापेक्षाही पेशंटच्या जास्त जवळ.

मी का घेते? सक्शन करताना, नळीची टेप बदलताना माझं तोंड पेशंटच्या तोंडापासून वीतभर असतं. मास्क असतो, कबूल. पण चहाला ड्युटी रूममध्ये आम्ही पाच-सहा जणी एका बाकावर मास्क काढूनच बसतो. तिथं एकीला फ्लू असला की तासाभरात सगळ्या आपापल्या बेडकडं.

दादा, ब-३०१: पण सिस्टर, ज्या "आपल्याला काय होत नाही" म्हणतात त्यांना खरंच होत नसेल तर? रोज थोडा थोडा संपर्क येऊन अंगातच ताकद येत असेल.

डॉक्टर, अ-२०२: यावर एक जुनं आणि मला फार आवडणारं काम आहे. १९९३-९४ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या रुग्णालयांतल्या ५१८ कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं. १२० जणांना फ्लू होऊन गेल्याच्या खुणा रक्तात सापडल्या. त्यांना विचारलं, तर ५९ टक्के म्हणाले आम्हाला फ्लू झालाच नाही. २८ टक्के लोकांना साधी सर्दीसुद्धा आठवेना. जवळपास निम्म्या लोकांनी आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती. म्हणजे कामावर होते, पेशंटजवळ होते. "मला होत नाही" म्हणणाऱ्याला खोटं ठरवायचं नाही, दादा. त्याला खरंच कळलेलं नसतं. आणि ज्याला कळतं, त्याच्याकडूनही ताप चढायच्या आदल्या दिवसापासून फ्लू पसरायला लागतो.

नाना, अ-४०३: हे पटलं. आता सांगा, लस चालते किती?

डॉक्टर, अ-२०२: त्या वर्षी फिरणाऱ्या विषाणूशी जुळली तर दवाखान्यात जाण्याइतका फ्लू ४० ते ६० टक्क्यांनी कमी. नाही जुळली तर त्याहून कमी.

अण्णा, अ-१०१: म्हंजी निम्मं निम्मं. मटका लावल्यागत झालं की ओ.

डॉक्टर, अ-२०२: अण्णा 😄 हाच आकडा आमच्या डॉक्टर मंडळींना खुपतो. गोवर-पोलिओच्या लशींची सवय झालेली, त्यापुढं हा आकडा लंगडा वाटतो. म्हणजे नर्सेस लशीच्या भीतीनं मागं राहतात, तर डॉक्टर "पुरावा कुठाय" म्हणून. पुराव्याचंही खरं सांगतो. ब्रिटनमधल्या वृद्धांच्या वॉर्डांत आणि वृद्धाश्रमांत कर्मचाऱ्यांना लस दिली तर तिथल्या म्हाताऱ्यांचे मृत्यू कमी झाले, असे अभ्यास आहेत. २०१७ मध्ये काही संशोधकांनी तेच आकडे परत मांडून दाखवलं की एवढा मोठा फरक निव्वळ लशीनं पडणं शक्य नाही. फायदा आहे, किती यावर भांडण आहे. मला तेवढ्यावर दंड पुढं करायला हरकत वाटत नाही.

दादा, ब-३०१: मग दवाखान्यांत सरळ सक्ती करा ना. घे, नाहीतर घरी बस.

डॉक्टर, अ-२०२: करून झालंय. अमेरिकेत सिएटलच्या एका मोठ्या रुग्णालयानं २००५ मध्ये सक्ती केली. ९७ टक्क्यांच्या वर लोकांनी घेतली. पण नर्सेसची युनियन भांडली आणि जिंकली. त्यांच्यावर सक्ती नाही, न घेणारीनं हंगामात मास्क लावायचा असं ठरलं.

सिस्टर, ब-१०४: सक्ती राहू द्या. संध्याकाळी साडेसातला हँडओव्हरच्या वेळी ट्रॉली घेऊन वॉर्डात या. जाणारी आणि येणारी, दोन्ही शिफ्ट एका जागी सापडतात. मावशींनाही त्याच रांगेत उभं करा. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर हजेरी लावा. बघा किती जणी घेतात ते. हे मी लेखी दिलंय वरती, उत्तर यायचंय.

वहिनी, क-३०३: बराच वेळ वाचतेय. आपण सगळे सिस्टरना धरून बसलोय, पण आमच्याच घराचं सांगते. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून मावशी येतात, आठ ते आठ. भरवतात, पुसतात, वेणीसुद्धा घालतात. इथून सुटल्या की काही रात्री ताराबाई पार्कात दुसऱ्या पेशंटकडं जातात. मागच्या जुलैत मावशी पदरात खोकत होत्या. मी म्हटलं घरी थांबा, तर म्हणाल्या खाडा झाला की ब्युरो पैसे कापतो. मीही फार ताणून धरलं नाही, कारण मला बँकेत जायचं होतं. आठवड्यात सासूबाईंना ताप, मग दवाखाना. कुणाकडून आला कोण सांगणार. पण मावशींना लस द्यावी हे डोक्यात कुणाच्याच आलं नाही. डॉक्टर, सासूबाईंना दिली तर पुरे ना?

डॉक्टर, अ-२०२: वहिनी, त्यांना द्याच. पण त्या वयात लस तरण्या माणसाइतकी लागू होत नाही. म्हणून भोवतीच्यांना द्यायची. तुम्ही, भाऊ, मुलं आणि मावशी. मावशी आधी.

अण्णा, अ-१०१: आपल्या बिल्डिंगीत अशा किती मावशी येत्यात?

वहिनी, क-३०३: आमच्या, अ-३०२ मधल्या आजोबांच्या, आणि ब-२०४ ला बाळंतिणीकडं येतात त्या.

काकू, क-१०२: ब-२०४ चं बाळ तर दीड महिन्याचं आहे.

डॉक्टर, अ-२०२: सहा महिन्यांच्या आत बाळाला ही लस देता येत नाही. तिथं आई आणि मावशी, दोघींनीही घ्यायला हवी. बाळाला दूध पाजत असली तरी चालते.

अण्णा, अ-१०१: तिघींचे पैसे माझ्याकडनं लिवा. आणि वॉचमनचं?

खजिनदार, ब-४०१: चांगली कल्पना, पण मेंटेनन्सच्या खात्यातून काही मिळणार नाही. जनरल बॉडीची मंजुरी लागेल.

अण्णा, अ-१०१: कुणी मागितलं ओ तुमच्या खात्यातलं?

सेक्रेटरी, क-२०१: शांत, शांत. वॉचमनचे माझ्याकडून.

वहिनी, क-३०३: मावशींना आत्ताच विचारलं. त्यांचं उत्तर जसंच्या तसं: "सुईचं काय न्हाई ताई. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर सुट्टी देताय काय ते आधी सांगा, आणि पैसं कापू नका म्हणावं ब्युरोला."

सिस्टर, ब-१०४: 👏 आमच्या युनियनमध्ये घ्या त्यांना.

वहिनी, क-३०३: मी हो म्हटलंय. सोमवारी गरज पडली तर मी रजा टाकेन, मावशींचे पैसे आमच्याकडून. ब्युरोला काही कळवत नाही. अ-३०२ आणि ब-२०४ नं आपापलं ठरवा.

नाना, अ-४०३: माझं नाव लिहा. वय ७३, दम्याचा पंप चालू. आणि डॉक्टर, गेल्या वर्षी मुलानं पुण्यात दिलेली लस फ्लूच्या चार प्रकारांवरची होती. आता तुम्ही तीनची म्हणताय. एक कमी का? पैसे तेवढेच ना?

डॉक्टर, अ-२०२: त्यातला बी यामागाटा नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठंच सापडलेला नाही. म्हणून तो काढत आणलाय. तीन असो की चार, तुम्हाला फरक नाही. बघायचं ते एवढंच की यंदाच्या शिफारशीची आहे ना. तो शिक्का आणि तारीख मी स्वतः बघून घेणार. थंड डब्यातून येईपर्यंत २ ते ८ अंश राहिली पाहिजे, तेही.

नाना, अ-४०३: ठीक. पण रविवारी सर्वांसमोर आधी सिस्टर, मग मी.

सिस्टर, ब-१०४: चालेल नाना, यंदाची माझी व्हायचीच आहे. फक्त कॅम्प नऊच्या आत सुरू करा. शनिवारची नाईट आहे, एकदा आडवी झाले तर दुपारपर्यंत कुणाला सापडणार नाही.

सेक्रेटरी, क-२०१: हॉल नऊपर्यंत योगवर्गाला दिलेला आहे.

डॉक्टर, अ-२०२: साडेआठ करा. योगवाल्यांनाच आधी टोचू, सगळे साठीच्या पुढचे आहेत.

काकू, क-१०२: योगवर्गात मी पण आहे 😐