मदत हवी आहे: यूव्ही-क्लोरीनमध्ये पीएच उतरवावा की क्लोरीनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडकडे वळावं?

सांडपाण्यातले औषधांचे अवशेष यूव्ही-क्लोरीनने, म्हणजे क्लोरीन घालून मग अतिनील दिव्यांखालून पाणी नेऊन, तोडायचे आहेत. वाळूच्या गाळणीनंतरचं सांडपाणी: पीएच 7.8, अल्कता 250, अमोनिया-नायट्रोजन 0.3 मिग्रॅ/लिटर. 254 नॅनोमीटरचे दिवे, मात्रा 500 मिलिज्यूल/चौसेंमी, आधी हायपोक्लोराइट 5 मिग्रॅ/लिटर. डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) जातं, ते नुसत्या यूव्हीनेही तुटतं. कार्बामाझेपिन (अपस्माराचं औषध) मात्र हटत नाही. त्याला मूलकंच (यूव्हीने क्लोरीनपासून तयार होणारे अतिक्रियाशील कण) लागतात. नमुन्यातला उरलेला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने लगेच मारला जातो, त्यामुळे बाटलीतल्या अभिक्रियेचा प्रश्न नाही.

संशय पीएचवर आहे. 7.8 ला मुक्त क्लोरीनपैकी हायपोक्लोरस आम्ल जेमतेम एक तृतीयांश. बाकीचा हायपोक्लोराइट आयन मूलकं गिळतो. म्हणून नुसता डोस वाढवणं चुकीचं वाटतं, शिवाय क्लोरेट आणि ट्रायहॅलोमिथेन हे नको असलेले उपपदार्थ वाढतील. 6.5 पर्यंत उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल बरं की कार्बन डायऑक्साइड? दुसऱ्याने अल्कता तशीच राहते, आणि बायकार्बोनेटही मूलकं खातं. प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी आम्लाची मात्रा, दिव्यानंतरचा मुक्त क्लोरीन आणि क्लोरेटचे आकडे द्यावेत, ही कळकळीची विनंती.