मदत हवी आहे: वर्ग एक, संस्था चार, आणि बायका सगळ्यांच्याच रजिस्टरात

बोरीकाठ:

मंडळी, अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आमचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी दर्जात सगळ्यात लहान, वाचनालय आहे. मी सचिव, म्हणजे सहीही माझी आणि झाडूही माझाच. मागच्या हिवाळ्यात रात्री ८ ते साडेनऊ असा प्रौढ बायकांचा वर्ग सुरू केला. एकट्याच्या जिवावर जमणारं नव्हतं, म्हणून चौघं एकत्र आलो. जागा आणि लाइट वाचनालयाची, शिकवायला तालुक्याच्या एका कॉलेजातली रासेयोची (राष्ट्रीय सेवा योजनेची) पोरं, बायकांना घराबाहेर काढायचं काम उमेदच्या ग्रामसंघाकडे (गावातल्या बचतगटांचा संघ), पाट्या-वह्या आणि वरखर्च जळगावच्या एका ट्रस्टचा. 'उल्लास' या केंद्राच्या प्रौढ साक्षरता योजनेच्या ॲपवर नोंदणी गावच्या शाळेनं केली, ते खरं तर पाचवे. पण त्यांनी बॅनरवर नाव मागितलं नाही, म्हणून मोजताना राहून जातात.

बॅनरवरूनच पहिली ठिणगी पडली. बोधचिन्ह कोणाचं आधी, यावर उद्घाटनाच्या दिवशी अर्धा तास घासाघीस, आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या बायका लेकरं घेऊन ओट्यावर बसलेल्या. पाहुण्यांनी नेहमीप्रमाणे बहिणाबाईंपासून सुरुवात केली. (बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, हे सांगून साक्षरतेचं महत्त्व कसं पटवतात ते मला अजून उमगलेलं नाही.)

वर्गात बायका २१. ट्रस्टच्या अहवालात २१, कॉलेजच्या फाइलीत २१, ग्रामसंघाच्या ठरावात २१, आणि खोटं कशाला बोलू, वाचनालयाच्या वार्षिक अहवालात मीही २१ लिहिल्या. बेरीज केली तर ८४! फोटो मात्र सगळीकडे एकच.

मग कॉलेजच्या परीक्षा लागल्या आणि पोरं गेली ती गेलीच. फोन कोणाला करायचा हेच ठरलेलं नव्हतं. ट्रस्ट म्हणे कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणे आम्ही स्वयंसेवक दिले होते. तीन आठवडे मीच जमेल तसं शिकवलं.

त्यातच एक गोष्ट कळली. आमच्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर. एक अक्का दर दहा किलोला पदराला गाठ मारायच्या आणि घरी जाऊन गाठी मोजायच्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, माले पहिले काटा वाचानं शिकाडा, नाव मंग लिखसू." मी लटकवायचा डिजिटल काटा मागून आणला आणि पोत्यात जुने दिवाळी अंक भरून वजनं करायला लावली. ३४.६ ला त्या तीनशे सेहेचाळीस म्हणायच्या. ते टिंब कळायला दोन रात्री गेल्या, पण तिसऱ्या रात्री पोतं उचलायला सगळ्या उठल्या. हे आम्हा चौघांपैकी कोणाच्याच आराखड्यात नव्हतं.

यंदा ट्रस्टला एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळतोय आणि त्यांना सामंजस्य करार हवाय. मसुदा नऊ पानांचा. 'प्रसिद्धी'वर दीड पान, शिकवणारा आलाच नाही तर काय यावर एक ओळ नाही. आकडा कोणी मोजायचा, पैसा कोणाच्या खात्यात घ्यायचा आणि 'उल्लास'च्या साक्षरता चाचणीनंतर या बायकांचं पुढं काय? कोणी असा करार निभावला असेल तर सांगा.

वहीखाते:

पैशाचं आधी सांगतो. कंपनी आपला सीएसआर निधी दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च करते तेव्हा त्या संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणीही लागते. 'ड' वर्गाच्या वाचनालयाकडे हे बहुधा नसणार. मग हौसेनं खात्यात पैसे घेऊ नका. ट्रस्टनंच घ्यावेत आणि लाइटबिल, खडू, काटा यांचे पैसे व्हाउचरवर परस्पर द्यावेत. करारात एवढंच लिहा: बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे. हे लिहिलं नाही तर तुमच्या खिशातून जातील, अनुभव आहे.

चोपडेकर:

करार-बिरार कशाला? दोन माणसं भली असली की वर्ग चालतो.

निवृत्त मास्तर, धुळे:

चोपडेकर, भली माणसं बदलीवर जातात. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, पुढं जिल्ह्याजिल्ह्यात अभियानं झाली. रात्री कंदील घेऊन आम्हीही फिरलो. मोहीम होती तोवर सगळे होते, सांगता समारंभ झाला आणि शिकलेली बाई पुन्हा अंगठ्यावर आली, कारण वर्ग तिच्या गावातल्या कोणाचाच नव्हता.

बोरीकाठ, वर्ग ग्रामसंघाच्या नावावर करा. बाकीचे मदतनीस. ट्रस्ट तीन वर्षांनी दुसऱ्या तालुक्यात जाईल, ग्रामसंघ कुठं जाणार? आणि रजिस्टर एकच ठेवा, तेही त्यांच्याच कपाटात. 'उल्लास'मध्ये शिकणाऱ्याची जोडणी शिकवणाऱ्या स्वयंसेवकाशी केलेली असते, तोच आकडा सगळ्यांनी वापरावा. अहवालात "आम्ही शिकवल्या" न लिहिता "अमुक वर्गाला अमुक मदत केली" असं लिहायचं, हे कलम टाका. निम्मं भांडण तिथंच मिटतं.

खडूफळा:

मी रासेयो कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणून पोरांची बाजू मांडतो. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात. परीक्षेत तो येणार नाही, हे जूनमध्येच माहीत असतं. कॉलेजकडून वर्षाचं वेळापत्रक करारासोबत जोडून घ्या आणि प्रत्येक पोरामागे गावातली दहावी-बारावी झालेली एक सून किंवा लेक जोडा. 'उल्लास'मध्ये मानधन नाही, पण ट्रस्टनं तिला निदान मोबाइल रिचार्ज द्यावा. पोरं गेली तरी ती असेल.

चाचणीचं म्हणाल तर ती १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. तिला शेवट समजू नका. योजनेतच पुढं जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण असे टप्पे आहेत, फक्त तिथवर कोणी जात नाही. तुमचं वाचनालय तिथंच उपयोगी पडेल. चाचणी झालेल्या बाईला सभासद करा, वर्गणी ट्रस्टकडून घ्या.

बोरीकाठ:

मास्तर, खडूफळा, वहीखाते, आभार. नऊ पानांची दोन पानं केली. पहिल्या पानावर किल्ली कोणाकडे, खडू कोणाचा, शिकवणारा आला नाही तर रात्री ८ वाजून १० मिनिटांनी फोन कोणाला, बिलाचे पैसे किती दिवसांत. बॅनरवर फक्त वर्गाचं नाव. ट्रस्टचे साहेब थोडे नाराज झाले, पण कंपनीच्या माणसालाच हे आवडलं.

आता एकच अडचण. ग्रामसंघाच्या अध्यक्षा म्हणजे त्या काट्यावाल्या अक्काच. त्या म्हणतात अंगठा लावणार नाही, संक्रांतीपर्यंत थांबा, सही करते. ट्रस्टला मात्र करार याच महिन्यात हवाय. तोवर निधी अडणार नाही असं साधं इरादापत्र वाचनालयानं द्यायचं म्हटलं, तर चालेल का? वहीखाते, तेवढं सांगा.