मदत हवी: चिकटवहीतली पक्ष्यांची जुनी कार्डं सोडवावीत का?

खंड्या:
न्यू जर्सीत एका जुन्या सामानाच्या विक्रीत चिकटवही मिळाली. आत आर्म अँड हॅमर या खाण्याच्या सोड्याच्या पुड्यांबरोबर येणारी पक्ष्यांची कार्डं आहेत, साधारण २ × ३ इंच, फक्त कोपऱ्यांना चिकटवलेली. शिवाय अ‍ॅलन अँड गिंटर सिगारेटची काही छोटी कार्डं, ती मात्र पूर्ण पाठीने चिकटली आहेत. छोटी अस्सल आहेत का? सोडवावीत का? वही पुढे पुण्याला न्यायची आहे.

तांबट:
आधी १० पटीचं भिंग घ्या. अ‍ॅलन अँड गिंटरची १८८८ ची 'बर्ड्स ऑफ अमेरिका' मालिका ५० कार्डांची, माप १½ × २¾ इंच. ती शिळाछाप (दगडावरून छापलेली) असल्याने ठिपके वेडेवाकडे आणि रंग एकावर एक चढलेले दिसतात. ठिपक्यांची रांगेतली, फुलासारखी नक्षी दिसली तर नंतरची ऑफसेट प्रत समजा. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर झगझगला तर तो बहुधा १९५० नंतरचा. झगझगला नाही म्हणून जुना ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. माप कमी भरलं तर कडा कापल्यात. चिकटवहीवाले सर्रास कापायचे. मोठ्या आकारातही हीच मालिका निघाली होती, त्यामुळे माप जास्त भरलं म्हणून लगेच बनावट म्हणू नका.

जुनेकागद:
कार्ड ओढू नका, पान ओढा. ब्लेडने कार्डाभोवतीचं पान कापून घ्या, कार्ड उपडं सपाट ठेवा आणि पानच थराथराने मागे वळवत सोलत जा. कोपरेवाली अशी सुटतात. सोड्याच्या कार्डांची पाठ जपाच: पक्षी मारू नका हा संदेश तिथेच असतो आणि आर्म अँड हॅमर की काऊ ब्रँड (सोड्याचाच दुसरा ब्रँड) हेही तिथेच कळतं. दोन्हींवर चित्रं तीच यायची.

पूर्ण चिकटलेली अस्सल निघाली तर पानासकट राहू द्या, हे माझं स्पष्ट मत. पाण्यात बुडवलं तर पुठ्ठ्याचे थर सुटतात. करायचंच असेल तर सगळ्यात खराब कार्डाच्या गडद रंगावर पाण्याचा थेंब टाका, मिनिटभराने पांढऱ्या टिपकागदाने टिपा. रंग उतरला तर विषय संपला. नाही उतरला तर जेमतेम ओलसर टिपकागद पानाच्या बाजूने १०-१५ मिनिटं. खळ किंवा डिंक असेल तरच सुटेल, रबर सोल्यूशनवर पाणी चालत नाही. वाफ आणि हेअर ड्रायर अजिबात नको, कार्ड वळतं.

खंड्या:
आणि पुण्याच्या पावसाळ्यात?

जुनेकागद:
पीव्हीसीचे कप्पे टाळा. त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) शाईला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. छोट्या कार्डांना छोटेच कप्पे, नाहीतर आत सरकून कोपरे झिजतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. आत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. पाठीवर खळ उरली असेल तर कसर येणारच, म्हणून दर महिन्याला कप्पे उघडून बघा.