हॅम्बुर्गहून 200 जोड कोल्हापुरींची मागणी आली आहे. 60 दिवसांच्या उधारीवर माल पाठवावा का?

कापशीकर (प्रश्न):
नमस्कार. कोल्हापूरजवळ आमचे चपलांचे घरगुती काम आहे. वडील, चुलते आणि मी धरून सात माणसे हाताने जोड शिवतो, आणि आजवर आमचा माल चप्पल लाइनमधील दुकानदार व पुण्या-मुंबईची प्रदर्शने यांपलीकडे गेलेला नाही. हॅम्बुर्गच्या एका दुकानाने मागवलेले दोन नमुने त्यांच्या पसंतीस उतरले असून आता त्यांनी 200 जोड मागितले आहेत. मात्र माल पोहोचल्यावर 60 दिवसांनी पैसे देऊ, अशी त्यांची अट आहे. आयात-निर्यात कोड मी गेल्या वर्षीच काढून ठेवला आहे. कातडे आणि मजुरी धरली तर आमचे जवळजवळ सगळे खेळते भांडवल या एका मागणीत अडकेल. वडील म्हणतात, की अनोळखी माणसाला आपण गल्लीत उधार देत नाही, मग परदेशात का द्यावे? माल जहाजाने पाठवावा की कुरिअरने, हेही ठरत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चर्मवस्तू निर्यातदार, मुंबई:
आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. पहिल्याच व्यवहारात पूर्ण उधारी देऊ नये. 30 टक्के आगाऊ आणि उरलेली रक्कम बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढवल्याच्या पावतीची; मूळ पावती दाखवूनच माल सोडवता येतो) प्रत दाखवल्यावर, मूळ कागद हातातून सोडण्यापूर्वी, अशी अट खरा गिऱ्हाईक सहसा नाकारत नाही. पुढे उधारी द्यावीच लागली, तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा घ्यावा. खरेदीदाराने पैसे बुडवले तर नुकसानीचा मोठा भाग त्यातून भरून निघतो.

मला मात्र पैशांपेक्षा बुरशीची काळजी वाटते. आमच्या पिशव्यांची पहिली खेप आम्ही ऐन जुलैत बांधली होती. कातडे वरून कोरडे लागत होते, पण पेटी समुद्रावर महिनाभर बंद राहिली आणि उघडली तेव्हा प्रत्येक शिवणीवर पांढरी बुरशी चढलेली होती. आपला तळ जाड आणि अनेक थरांचा असतो, त्यामुळे त्यात ओल अधिक काळ मुरून राहते. त्यावर उपाय म्हणून बाजारात मिळणाऱ्या बुरशीरोधक पुड्या डोळे झाकून टाकू नका. डायमिथाइल फ्यूमरेट असलेल्या पुड्यांमुळे युरोपात अनेकांच्या त्वचेला इजा झाली होती, आणि आता तेथे वस्तूमध्ये किलोमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अंश आढळल्यास ती विकता येत नाही. साधे सिलिका जेल घ्यावे, आणि खेप शक्यतो पावसाळ्यानंतर बांधावी.

कस्टम्सची कामे करणारा, न्हावा शेवा:
केवळ आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, असून भागत नाही. आपल्या बँकेकडून एडी कोडचे (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेच्या क्रमांकाचे) पत्र घेऊन ज्या बंदरातून वा विमानतळावरून माल जाणार तेथे त्याची नोंद करावी लागते, आणि जीएसटी न भरता निर्यात करायची असेल तर एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने दाखल करावे लागते. ऐन वेळी अडते ते बहुधा या दोन ठिकाणी.

मालाचे वर्गीकरण सुदैवाने सोपे आहे. तळ कातड्याचा, वर पायावरून जाणारा आणि अंगठ्याभोवती फिरणारा कातडी पट्टा, असे वर्णन असलेले 6403.20 हे उपशीर्षक जगभरच्या जकात-सूचीत आहे. वाचताना आपली चप्पलच डोळ्यांसमोर येते. बीजकावर नुसते 'हस्तकला वस्तू' असे मोघम लिहू नये.

जर्मनीतील मराठी दुकानदार:
मी येथे भारतीय वस्तू विकतो, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्यात क्रोम (कातडे कमावण्याचे क्रोमियमयुक्त रसायन) नसते, ही आपली जमेची बाजू आहे. परंतु वेणीचे किंवा रंगीत पट्ट्याचे कातडे अनेकदा बाहेरून आणलेले आणि क्रोममध्ये कमावलेले असते. युरोपात त्वचेला लागणाऱ्या कातड्यात क्रोमियम-6 हा क्रोमियमचा अपायकारक प्रकार किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत अशी तपासणी होते. त्या अहवालाची प्रत खेपेबरोबर द्यावी. वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे, हे दाखवणारी चिन्हेही प्रत्येक जोडीवर लागतात.

मापांचे दोनशे जोडांपूर्वीच ठरवून घ्या. आपल्याकडे 'घातली की सैल होते' म्हणून जोड घट्ट देतात; येथे तो जोड परत येतो. कर्रकर्र वाजणारा जोड मी एकदा हौसेने मांडला, तर बाईंनी तो सदोष म्हणून परत आणून दिला!

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय) 2019 मध्ये मिळालेले आहे. आपण त्याचे अधिकृत वापरकर्ते नसाल, तर अर्ज जरूर करा. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यावरून जो गदारोळ झाला, त्यानंतर येथील काही गिऱ्हाइके हा जोड नेमका कोठला, असे आपणहून विचारू लागली आहेत.

कापशीकर:
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. वेणीचे कातडे आम्ही बाहेरूनच आणतो, हे वाचून चुलते थोडे गप्पच झाले. आज दुकानाला कळवले आहे, की प्रथम 40 जोड, तेही पूर्ण आगाऊ रकमेवर आणि विमानाने पाठवू, आणि उरलेल्या 160 जोडांचे 30 टक्क्यांच्या अटीवर दिवाळीनंतर पाहू. कातड्याचे दोन तुकडे चेन्नईला पाठवण्यासाठी कापून ठेवले आहेत. दुकानाचे उत्तर आल्यावर येथे लिहीन.